मोझरीची वाट आणि जुनी नोट

अमरावतीहून नागपूरकडे निघालात की वाटेत गुरुकुंज मोझरी लागते. इथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी आहे. १९३६ साली महाराज महिनाभर सेवाग्रामला गांधीजींकडे राहिले होते. मोझरीहून सेवाग्रामला जायचं तर वर्धा नदी ओलांडायची. पण तेच सेवाग्राम जुन्या नोटांवरही भेटतं बरं का! १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटा निघाल्या. त्यांवर बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्राम आश्रम आहे. बहुतेक नोटा बाजारात झिजून फाटल्या. कुणी खर्चली नाही तीच उरली. आजीच्या पेटीत, पोथीच्या पानांत शोधा. सापडली तर घडी घालू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. कोऱ्या कागदात सपाट ठेवा आणि आजीला विचारा, ‘ही का गं जपलीस?’ ते उत्तरही वहीत लिहून ठेवा.