टपावरचें ओझें

मनुष्यास एखादी विद्या साधली म्हणजे तिच्या जोरावर तो दुसऱ्या दहा विद्यांत आपणांस पारंगत समजूं लागतो. आणि हा दोष आम्हां प्राध्यापक मंडळींत तर विशेषच आढळतो. तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविल्यानंतर आमचा असा ग्रह झाला होता कीं, साध्या अकलेनें उलगडणार नाहीं अशी गोष्ट निदान व्यवहारांत तरी नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत या ग्रहास जो धक्का बसला, तो एका अगदीं क्षुद्र वस्तूनें दिला. ती वस्तु म्हणजे मोटारीच्या टपावर होडी बांधून नेण्याचा कॅरियर.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेंत सिएटल शहराशेजारीं बेलव्ह्यू येथें राहतो. त्या प्रांतांत जिकडे पाहावें तिकडे पाणी: एका अंगास वॉशिंग्टन सरोवर, दुसऱ्या अंगास समामिश सरोवर, आणि पलीकडे पॅसिफिकचा आंत शिरलेला फांटा. अशा ठिकाणीं राहून होडीचा नाद न लागता तरच नवल! आम्ही उभयतां जूनमध्यें तेथें पोंचलों, तेव्हां चिरंजीवांच्या गॅरेजांत एक पिवळी कयाक भिंतीशीं उभी होती, आणि ती मोटारीवर कशी चढवावी याची चर्चा घरांत एखाद्या लग्नाच्या बोलण्यासारखी चालली होती.

कयाक म्हणजे एकट्यानें बसून दुतोंडी वल्ह्यानें हांकावयाची निमुळती होडी. ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशांतील इनुइट लोकांनीं ती सीलच्या शिकारीसाठीं निर्माण केली. समुद्रानें वाहून आणलेल्या लांकडांचा सांगाडा पुरुषांनीं जोडावयाचा आणि त्यावर सीलचें कातडें बायकांनीं शिवून चढवावयाचें, अशी ती कामाची वांटणी. मापही ज्याची होडी त्याच्याच अंगाचें. लांबी त्याच्या वांवेनें ठरावयाची आणि रुंदी त्याच्या कमरेनें. तो शिकारी आपली होडी आपणच उचलून पाण्यापर्यंत नेई. पुढें १९०७ सालापासून जर्मनींत रोझेनहाइम येथील क्लेपर नांवाच्या शिंप्यानें घडी घालतां येणाऱ्या कयाकी करून विकल्या, आणि हौशी लोक होडी पिशव्यांत भरून आगगाडीनें नदीकांठीं जाऊं लागले. तशाच एका घडीच्या होडींतून ऑस्कर स्पेक नांवाचा जर्मन १९३२ सालीं उल्म गांवाहून निघाला, तो हिंदुस्थानचा किनारा धरून १९३९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत पोंचला. त्यास कॅरियर कोठला घ्यावा ही विवंचना पडली नसावी! परंतु आतांची प्लास्टिकची होडी अखंड बारा फूट लांब. ती घडींत बसत नाहीं कीं पिशवींत मावत नाहीं. ती मोटारीच्या डोक्यावरच बसावयाची.

आमच्या मुलानें या विषयाचा जो व्यासंग चालविला होता, तो पाहून आम्हांस हंसूं आवरेना. त्याची एक वहीच होती. तींत मोटारीच्या छपराची लांबीरुंदी, आडव्या दांड्यांचें वजन, होडीचें वजन, असे रकाने आंखलेले. या धंद्यांतील दोन मोठीं नांवें त्याच्या तोंडीं निरंतर असत. एक स्वीडनमधील थुले. ही पेढी १९४२ सालीं निघाली तेव्हां कोळ्यांकरितां मासे धरण्याचे सांपळे करीत असे. दुसरें याकिमा, त्याच वॉशिंग्टन राज्यांतील याकिमा गांवाचें नांव तिनें घेतलेलें. आम्ही म्हणालों, "मासे धरतां धरतां त्यांस होडीवालेच सांपडलेले दिसतात!" आमच्या या कोटीवर आमचें कुटुंबसुद्धां हंसलें नाहीं, यावरून घरांतील वातावरणाची कल्पना वाचकांनीं करावी.

आमच्या हंसण्यास आधार होता तो आमच्या बाळपणाचा. पुण्याहून रत्नागिरीस जाणाऱ्या एस.टी.च्या टपावर आम्हीं काय काय चढलेलें पाहिलें नव्हतें? ट्रंका, वळकट्या, आंब्यांच्या करंड्या, सायकली, एकदां तर एक हार्मोनियमची पेटी! हमाल मागच्या शिडीनें वर जाई, काथ्याच्या दोराचे चार वेढे घेई, पाय देऊन आवळी, आणि गाडी घाट उतरे. प्रत्येक थांब्यावर आमचे आजोबा खालीं उतरून टपाकडे मान उंचावून पाहत आणि आपली ट्रंक जागेवर आहे अशी खात्री झाली म्हणजे पुन्हा येऊन बसत. टपाविषयींचें आमचें सगळें शास्त्र एवढेंच. आपली वस्तु आपल्यापाशीं राहिली कीं काम झालें.

तेव्हां एके सकाळीं आम्हीं मुलास आग्रह केला कीं, "कॅरियर येईल तेव्हां येईल, आज आमच्या पद्धतीनें नेऊन पाहूं." त्यानें पुष्कळ आढेवेढे घेतले. पण बापाच्या शब्दाचा मान राखण्याची जी जुनी खोड त्याच्या अंगीं उरली होती, ती त्या दिवशीं नडली. स्पंजाचे चार ठोकळे टपावर ठेवून त्यांवर होडी उपडी घातली. नायलॉनचा दोर दारांतून आंत घेऊन दोन वेढे दिले. गांठी आम्हीं स्वतः मारल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, पुढचें आणि मागचें टोंक खालीं मोटारीला बांधायला हवें." आम्हीं उत्तर दिलें, "होडी म्हणजे काय बैल आहे, तिला वेसण घालायला?"

सकाळीं बारीक पाऊस पडत होता. नायलॉन भिजला म्हणजे ताणतो व ढिला पडतो, ही गोष्ट आमच्या काव्यांत कोठें आलेली नव्हती. बेलव्ह्यूहून सिएटलकडे जाण्यास वॉशिंग्टन सरोवरावर एक तरंगता पूल आहे. २०१६ सालीं रहदारीस खुला झालेला हा पूल सुमारें २,३५० मीटर लांब असून पाण्यावर तरंगणाऱ्या पुलांत जगांत सर्वांत मोठा गणला जातो. त्यावर आलों आणि बाजूचा वारा लागला. प्रथम डोक्यावर कांहीं घांसल्याचा आवाज झाला. मग पुढच्या कांचेतून दिसणारें होडीचें पिवळें नाक हळूहळू उचललें जाऊन डावीकडे वळूं लागलें. मागचें टोंक अर्थातच शेजारच्या रांगेकडे गेलें असलें पाहिजे. परंतु आमचे डोळे नाकावरच खिळले होते. मुलानें वेग उतरविला. त्याच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. तो एक शब्दही बोलला नाहीं.

मागून एका मोटारीचे दिवे सारखे मिचकत होते. आम्हांस वाटलें, कोणी घाईचा मनुष्य पुढें जाऊं पाहतो. पूल संपून पहिल्या फांट्यास आम्ही बाहेर पडलों, तशी ती मोटारही आमच्यामागें येऊन थांबली. तींतून एक बाई उतरल्या. तेव्हां समजलें कीं, त्या पूलभर आपला वेग कमी ठेवून, धोक्याचे दिवे लावून, मागून येणाऱ्या गाड्या आमच्यापासून दूर ठेवीत आल्या होत्या. आम्हीं क्षमा मागण्यास तोंड उघडलें. त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "माझा मुलगा मघापासून विचारतो आहे, ती होडी आपल्यावर पडणार का?" त्यांच्या मागच्या बैठकीवर पांचसहा वर्षांचा एक मुलगा पट्ट्यांत बांधलेला बसला होता, आणि तो आमच्याकडे पाहत नव्हता. तो होडीकडे पाहत होता.

त्या रात्रीं मुलानें आम्हांस एक हकीकत सांगितली. ती आधींच सांगावयास हवी होती, असें तो म्हणाला. आम्हीं ती ऐकून घेतली असती असें मात्र आम्हांस प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं. २००४ सालीं सिएटलच्याच परिसरांत महामार्गावर पुढें चाललेल्या वाहनांतील सामानापैकीं एक फळी सुटली आणि मागच्या मोटारीची कांच फोडून आंत शिरली. ती मोटार चालविणारी तरुणी कशीबशी वांचली, परंतु तिची दृष्टि कायमची गेली. तेव्हां सामान नीट न बांधणें हा तेथें नुसत्या दंडाचा विषय होता. २००५ सालीं त्या राज्यानें कायदा करून, सामान सुटून कोणास गंभीर इजा झाल्यास तो फौजदारी गुन्हा ठरविला. ज्या मनुष्यानें ती फळी रचली असेल त्यानेंही, आमच्यासारखेंच, "एवढ्यानें काय पडतें?" असें म्हटलें असेल काय, हा विचार आम्हांस बराच वेळ झोंप येऊं देईना. आमचे आजोबा मान उंच करून टपाकडे पाहत ते ट्रंकेच्या काळजीनें. आपल्या मागून जो येत आहे त्याच्याकडे त्यांनीं कधीं पाहिलेलें आम्हांस आठवत नाहीं. आणि आम्हींही पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मुलाची ती वही मागून घेतली आणि विद्यार्थी होऊन वाचली. पहिल्या पानावर तीन आंकडे लिहिलेले होते: छपराची शक्ति, दांड्यांची शक्ति, आणि दांड्यांवर बसणाऱ्या जोडाची शक्ति. त्यांतील जो सर्वांत लहान, तोच आपला. आणि त्यांतूनही दांड्यांचें व जोडाचें स्वतःचें वजन वजा करावयाचें. बाकी राहील तेवढेंच होडीचें. आमच्या मुलाच्या मोटारीस ही मर्यादा धांवतांना ७५ किलो होती. दांड्या आणि जोड मिळून बारा किलो. म्हणजे बाकी त्रेसष्ट. मोटार उभी असतांना छप्पर याहून पुष्कळ अधिक भार सोसतें. पण रस्त्यावर वारा, वळण आणि एकाएकीं दाबलेला ब्रेक हेही टपावर चढून बसतात, आणि त्यांचें तिकीट कोणी काढीत नाहीं.

मग छपराचा प्रकार. कांहीं मोटारींस दोन्ही कडांना उंच दांडे असतात, कांहींस छपरांत बसविलेली खीळ असते, आणि कांहींस नुसतें घोटीव छप्पर. आमच्या मुलाची मोटार या शेवटल्या जातीची. तिच्या दाराच्या चौकटींत आंकडे अडकवून दांड्या बसवाव्या लागतात, आणि ते आंकडे प्रत्येक मोटारीचे वेगळे. शेजाऱ्याच्या गाडीस बसले म्हणून आपल्या गाडीस बसतील हा भरंवसा नाहीं. दोन दांड्यांमध्यें शक्य तितकें अंतर ठेवावें. होडी लांब आणि आधार जवळजवळ, असें झालें म्हणजे वाऱ्यास तिचें नाक धरून फिरविणें सोपें जातें. याचा अनुभव आमच्या पदरीं होताच.

यानंतर होडीची बैठक. ती उपडी किंवा उताणी, सपाट ठेवली तर उचलण्यास सोपी, परंतु जागा फार खाते. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे पाळणे मिळतात, त्यांत ती कुशीवर निजते व शेजारीं दुसरीस जागा होते. मात्र हात अधिक उंच न्यावे लागतात आणि बाजूच्या वाऱ्यास अधिक अंग मिळतें. मुलानें पाळण्यांच्या दोन जोड्या लिहून ठेविल्या होत्या. याच एका गोष्टीवरून आमचा त्याच्याशीं प्रथम वाद झाला होता. होडी एक, तर पाळणे दोन कशाला? आतां तोच प्रश्न आम्हीं अधिक नम्रपणें विचारला. तो वहीकडे पाहतच म्हणाला, "दुसरी तुमच्यासाठीं सांगितली आहे, बाबा. जाकीटही आणलंय. तुम्हांला पोहतां येत नाहीं ना." आम्हीं पुढचें पान उलटलें. त्यावर काय लिहिलें होतें तें आम्हांस त्या वेळीं नीट दिसलें नाहीं.

बांधण्याचें शास्त्रही आम्ही शिकलों. खटका मारून आवळावयाचे पट्टे होडीस वापरूं नयेत. त्यांचा जोर इतका कीं, उन्हानें मऊ झालेलें प्लास्टिक चेपून जातें. साधा बकलाचा पट्टा हातानें ओढून बसवावा आणि त्यास एक पीळ द्यावा, म्हणजे तो वाऱ्यांत गुणगुणत नाहीं. पुढच्या व मागच्या टोंकास दोर बांधून तो खालीं मोटारीस अडकवावा. तीच ती वेसण. सर्व झाल्यावर होडीचें नाक धरून हलवावें. होडीबरोबर मोटार हलली तर बांधणी बरी. नुसती होडीच हलली तर पुन्हा आरंभापासून. आणि दहा मिनिटें चालवून थांबावें व सर्व गांठी पुन्हा पाहाव्या. एवढ्या सूचनांत अवघड अशी एकही नव्हती. आमच्या अकलेस त्या सुचल्या नव्हत्या, एवढेंच.

दुसऱ्या रविवारीं दोन होड्या टपावर घालून आम्ही त्याच पुलावरून गेलों. त्या दिवशींही वारा होता. आमच्या कुटुंबास डाव्या अंगास कोठें एक बर्फाचा डोंगर दिसला म्हणे. आम्हीं तो पाहिला नाहीं. आम्ही सबंध पूल मान वळवून मागच्या कांचेतून पाहत होतों. मागें एक करड्या रंगाची मोटार होती आणि तींतील म्हातारा गृहस्थ निर्धास्तपणें कांहीं खात होता. त्याचें तें खाणें पाहून आम्हांस जें समाधान झालें, तें नंतर सरोवरांत होडी हांकतांनाही झालें नाहीं. जरी तेंही थोडें नव्हतें.

पुण्यास परतल्यावर एके दिवशीं आमच्या आळींतून एक बिऱ्हाड हललें. टेंपोवर कपाट, कपाटावर गाद्या, गाद्यांवर सायकल. आमचे पाय आपोआप खालीं गेले. आम्हीं दोर धरून हलविला. टेंपो जागचा हलला नाहीं, सायकल मात्र डुलली. टेंपोवाला तंबाखू मळीत म्हणाला, "साहेब, काय पडत नाय." आवाज त्याचा होता, पण शब्द आमच्या चांगल्याच ओळखीचे होते. आम्हीं घरांतून मुलानें दिलेला एक पट्टा आणला आणि त्याच्या हातीं ठेविला. त्यानें आमच्याकडे, आम्हीं मुलाकडे पाहिलें होतें तसेंच पाहिलें. पण पट्टा आवळला.