शनिवार रात्रीची शोधाशोध

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की वसईतल्या बऱ्याच घरांत एक ठरलेली शोधाशोध सुरू होते. उद्या सकाळी मिस्सा झाली की धर्मशिक्षणाचा तास. समोर तिसरी-चौथीची मुलं, हाताशी जेमतेम पाऊण तास. पुस्तकातला धडा नुसता वाचून दाखवला तर दहा मिनिटांत संपतो आणि मग मागच्या बाकावर मारामारी सुरू होते. म्हणून धर्मशिक्षिका मोबाइल उघडते. आठवडाभर ती बँकेत, शाळेत नाहीतर घरच्या वाडीत राबलेली असते. धर्मशिक्षणाचं काम बिनपगारी, हौसेचं आणि थोडं फादरांना नाही म्हणवत नाही म्हणून घेतलेलं. तिला हवं असतं एक चित्र, एक गोष्ट, एखादा खेळ. उद्या सकाळी आठच्या आत त्याची झेरॉक्सही काढून व्हायला हवी.

ही मागणी काही मोबाइलबरोबर आलेली नाही. 1542 साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले तेव्हा ते घंटा वाजवत रस्त्यांतून फिरायचे, पोरं गोळा करायचे आणि धर्माचे धडे त्यांच्याकडून गाऊन म्हणवून घ्यायचे. घंटा आणि चाल, एवढंच त्यांचं साहित्य. पुढे इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची सुरुवातच अशा एका तासाने होते. गोव्यातल्या साष्टीतल्या एका देवळात रविवारी दुपारी धर्मशिक्षण चाललं आहे आणि श्रोत्यांतून प्रश्न येतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या तोडीचं दुसरं काही करून का देत नाही? शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याकडे केलेली साहित्याची इतकी रोखठोक मागणी क्वचितच कुठे नोंदलेली असेल. तिला उत्तर म्हणून जवळपास अकरा हजार ओव्या आल्या. 1616 मध्ये हा मराठी ग्रंथ छापला गेला. उजळणीला प्रश्नोत्तरांची पोथी हवी, तीही स्टीफन्सनीच कोकणीत लिहून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये, ती साष्टीतच रायतूरला छापली. ऐकायला पुराण आणि पाठांतराला प्रश्नोत्तरं, ही जोडी त्यांनी नेमकी हेरली होती. आजच्या शनिवारच्या शोधातही बहुतेकदा यांपैकी एकच हाती लागतं आणि दुसऱ्यावाचून तास लंगडा पडतो.

साहित्य आज कमी नाही, उलट पूर आहे. इंग्रजीत ‘दहा आज्ञा’ शोधा, रंगवायची सुबक चित्रं पानंच्या पानं मिळतात. त्यांतली बरीचशी अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळींनी मनापासून केलेली असतात, आणि पहिला चकवा तिथेच बसतो. त्यांच्या बहुतेक याद्यांत मूर्ती करू नकोस ही वेगळी, दुसरी आज्ञा असते. त्यामुळे आईबापांचा मान राखण्याची आज्ञा पाचवी येते. कॅथलिक मोजणी संत ऑगस्टिनच्या मागून चालते. मूर्तीचा भाग पहिल्या आज्ञेतच येतो, आईबाप चौथ्या क्रमांकावर, खून पाचव्या. आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन करून दहाचा हिशेब पुरा होतो. मार्टिन लूथरने रोमशी एवढं भांडण केलं, पण आज्ञांची मोजणी मात्र हीच ठेवली. आता हा फरक पंडितांनी चघळायचा म्हणून सोडून देता आला असता. पण पहिल्या कम्युनियनआधी मूल कन्फेशनला जातं आणि तयारी आज्ञांच्या क्रमानेच करतं. चुकीचं पान पाठ केलेला आठ वर्षांचा मुलगा ‘फादर, मी पाचवी आज्ञा मोडली’ म्हणतो. त्याच्या मनात आईला दिलेलं उलट उत्तर असतं. जाळीपलीकडे फादरांच्या कानावर खुनाची कबुली येते.

अशाच आणखी दोनतीन खुणा अनुभवी डोळ्याला पटकन दिसतात. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये 73. म्हणून बायबलच्या पुस्तकांचं कोडं सोडवताना तोबीत आणि मक्काबी कुठेच सापडत नसले, तर कोडं बाजूला ठेवायचं. छापील पुस्तक असेल तर शीर्षकाच्या पानामागे बिशपांची छपाईसंमती आहे का, ते पाहायचं. ही संमती शिकवणुकीत गफलत नाही एवढंच सांगते. पुस्तक मुलांना आवडेल की नाही, याची हमी कुठलाही बिशप देत नाही, आणि संमती असलेली कंटाळवाणी पुस्तकं कपाटभर आहेत. उलट, दुसऱ्या अंगणातलं सगळंच टाकायचं असंही नाही. आगमनकाळात चार मेणबत्त्यांचं जे चक्र आज वेदीजवळ मांडलं जातं, त्याचं मूळ रूप हॅम्बुर्गच्या एका लूथरपंथी पाळकाने 1839 मध्ये अनाथ मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून बनवलं होतं.

अधिकृत ग्रंथांचं म्हणाल तर 1992 चा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ पायाला लागतोच. त्यात 2865 परिच्छेद आहेत आणि एकही तिसरीतल्या मुलासाठी लिहिलेला नाही. तो शिक्षिकेने स्वतःसाठी वाचायचा. 2005 मध्ये त्याचा 598 प्रश्नोत्तरांचा संक्षेप निघाला, 2011 मध्ये तरुणांसाठी ‘यूकॅट’ आलं. यूकॅट दृढीकरणाच्या वर्गात खरंच चालतं, कारण पंधरा वर्षांची मुलं जे विचारतात ते त्यात विचारलेलं आहे. पण लहानांच्या वर्गात त्यातलं उत्तर जसंच्या तसं वाचणारी शिक्षिका पाच मिनिटांत वर्ग गमावते.

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं साहित्य म्हणजे त्या रविवारच्या मिस्सेतलं शुभवर्तमान. मुलांनी ते नुकतंच ऐकलेलं असतं, निदान त्या वेळी ती देवळात असतात. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं: ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात व पुनरुत्थानकाळात. म्हणजे यंदा कष्टाने केलेलं पान पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरतं, पण तीन वर्षांनी पुन्हा दारात येतं. जुन्या शिक्षिका याचसाठी तीन फायली ठेवतात. नव्या शिक्षिकेला वर्ग सोपवताना दिलेली अशी एक फाईल, कोपरे दुमडलेली, मागच्या मुलांच्या खडूचे डाग पडलेली, कुठल्याही प्रकाशनापेक्षा उपयोगी असते. कारण कुठली गोष्ट फसली, तेही समासात लिहिलेलं असतं.

भाषेचा गुंता मात्र कुठल्याच फायलीत सुटलेला नाही. वसई धर्मप्रांतात उपासना मराठीत चालते, घरी आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलते आणि मूल इंग्रजी शाळेत जातं. देवनागरी अडखळत वाचणारी मुलं मराठी प्रार्थना रोमन अक्षरांत वहीत उतरवून पाठ करतात. ज्येष्ठ लोक यावर हळहळतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की ख्रिस्तपुराणही मुळात रोमन लिपीतच छापलं गेलं होतं. मराठीत समजावून सांगायची वेळ आली की शिक्षिकेचा आधार असतो फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’. त्यातली मराठी मोठ्याने वाचली तरी जिभेला अडत नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्याला याहून मोठी सोय नसते.

विकतच्या साहित्याला सगळ्यात चांगलं उत्तर 1954 मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमाने दिलं. सोफिया काव्हालेत्ती या हिब्रूच्या अभ्यासक होत्या, जियाना गोब्बी माँटेसोरी शिक्षिका. त्यांनी मुलांसाठी छोटी वेदी, छोटा चषक, लाकडाचा मेंढवाडा आणि त्यात ठेवायची मेंढरं असं सामान केलं. मूल मेंढरं आत नेतं, बाहेर काढतं, मेंढपाळाला पुढे चालवतं. मोठ्यांनी गोष्ट सांगून मागे सरायचं. हे सामान शक्यतो शिकवणाऱ्यानेच हाताने बनवावं, असा या पद्धतीचा आग्रह आहे. मेंढराचा पाय कानशीने घासताना शिक्षिकेचा चांगल्या मेंढपाळाच्या दृष्टांताचा अभ्यास आपोआप होतो. वसईला हे परकं वाटू नये. डिसेंबरात इथली पोरं पेंढा, बांबू आणि गोणपाट जमवून नाताळचे गोठे उभारतात, विहीर खणतात, शेत पेरतात. स्पर्धेच्या नादात कुठे आगगाडीही धावते. एवढं कसब हाताशी असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र परदेशी कार्टूनची झेरॉक्स वाटली जाते, हे पटत नाही.

चित्रांबाबत तर हे फारच खटकतं. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू शोधावा लागत नाही, तो आपणहून येतो. पण गोव्याच्या सांत इस्तेव्ह बेटावर 1902 मध्ये जन्मलेल्या आंजेलो दा फोन्सेका यांनी सावळी, साडी नेसलेली मरिया रंगवली. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या या चित्रकाराला गोव्यातच इतका विरोध झाला की ते पुण्याला आले आणि तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिले. 1967 मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे. यातलं एखादं चित्र वर्गात दाखवलं की मुलं पहिल्यांदा हसतात. मग एखादी मुलगी म्हणते, ही तर आमच्या मावशीसारखी दिसते. त्यानंतर देवदूताचा निरोप समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत.

आणि संतचरित्र हवं असेल तर वसईकरांना नकाशात फार लांब जावं लागत नाही. गोन्सालो गार्सिया इथलेच. किशोरवयात ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, भाषा शिकले आणि तिथे धर्मशिक्षकाचंच काम करत राहिले. मग व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले, दुभाषी म्हणून जपानला परतले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस जणांसह क्रुसावर मारले गेले. 1862 मध्ये त्यांना संत घोषित केलं. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या नावाचं चर्च आहे, तिथे वर्ग नेता येतो. मुलांना हौतात्म्याच्या प्रसंगापेक्षा दुसरंच काही विचारायचं असतं: जपानी कशी शिकले? त्यांना तिथल्या मुलांनी चिडवलं का? त्यांच्याकडे पुस्तक होतं का? शिक्षिका प्रश्न फळ्याऐवजी मोबाइलवर टिपून घेते. पुढच्या शनिवारचं काम ठरलेलं असतं.