आपाची अमानत

आमच्या घरी सकाळी आठला आणि रात्री आठला मोबाईलचा गजर होतो. तो वाजला की कुणी ना कुणी विचारतेच, "छोटे, गोळी घेतली का?" हा प्रश्न विचारायला आम्ही जरा उशिराच शिकलो.

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आम्ही भावंडांनी तपासण्या करून घेतल्या. सख्ख्या भावंडांमध्ये ऊतींच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आमच्यात कुणाच्याच पूर्ण जुळल्या नाहीत, आपाच्या निम्म्या जुळल्या. आपा म्हणाली, "निम्म्या तर निम्म्या. माझी घ्या." ऑपरेशन झाले, छोटेचे डायलिसिस सुटले. अम्मीने शुक्रान्याचे नफल पढले.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते की किडनी बसली, तरी शरीराने ती आपली मानलेली नाही. परक्याला ओळखण्याचे काम रक्तातल्या टी-पेशी करतात. त्या हाडांतल्या मज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. थायमस ही त्यांची शाळाच. तिथली परीक्षा आमच्या बोर्डापेक्षा फार कडक. जी पेशी स्वतःच्या शरीरावरच उठेल तिला बाहेर सोडत नाहीत. बहुतेक पेशी तिथेच संपतात. ज्या पास होतात त्या आयुष्यभर गस्त घालतात आणि इतर पेशींवरच्या खुणा तपासतात. परकी खूण दिसली की मदतनीस टी-पेशी हाक देतात, मारक टी-पेशींची फौज वाढते आणि हल्ला सुरू होतो. घुसलेला विषाणू कोणता आणि बहिणीने प्रेमाने दिलेली किडनी कोणती, हे त्यांना कळत नाही. १९५४ साली बोस्टनमध्ये किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांत, कारण दोघांच्या खुणा एकच होत्या. बाकीच्यांना टॅक्रोलिमससारखी गोळी लागते. ती टी-पेशींची हाक आतल्या आत दाबते. पण रक्तातले तिचे प्रमाण सारखे राहावे लागते, म्हणून दर बारा तासांनी.

दुसऱ्या वर्षी रमजान आला. छोटेची तब्येत उत्तम होती. त्याने डॉक्टरांना न विचारता रोजे धरले. गोळ्या सहरीला आणि इफ्तारला. दिवसा चौदा तासांचे अंतर, रात्री दहाचे. दोनदा सहरीला जाग आली नाही, तेव्हा गोळीही राहिली. आणि आम्ही? आम्ही त्याला शाबासकी दिली. दस्तरखानवर त्याच्या हिमतीचे कौतुक केले.

विसाव्या रोज्यानंतर नेहमीची रक्ततपासणी झाली. त्याला ना ताप, ना दुखणे. पण क्रिएटिनिन १.४ वरून २.९ वर गेले होते. बायोप्सीत दिसले की टी-पेशी किडनीत शिरल्या आहेत. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिले. ते तीन दिवस आम्ही दवाखान्याच्या बाकावर काढले. आपा काहीच बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "छोटे, मी तुला अमानत दिली होती."

छोटे रडला. खरे तर रडायला आम्हीही हवे होतो.

किडनी वाचली, अल्हम्दुलिल्लाह. क्रिएटिनिन १.७ वर थांबले, पहिल्यासारखे मात्र झाले नाही. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे आम्ही मुलांना वर्गात शिकवतो. घरात ते विसरलो. आता छोटे फिदिया देतो आणि इफ्तारची फळे कापतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांना आमची विनंती आहे. रोज्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या. बरे वाटते म्हणून गोळी चुकवू नका. टी-पेशी काही विसरत नाहीत, मग आपणच का विसरावे?