लवकर झिजणारा टायर मिळेल का?

साडेआठशे किलोच्या आसपासची मारुती स्विफ्ट ही काही स्पोर्ट्स कार नव्हे. सुझुकी ‘स्विफ्ट स्पोर्ट’ नावाची खरी चपळ गाडी जपानात विकत असे, ती भारतात कधी आलीच नाही. पण पुण्याच्या भाच्याचं म्हणणं असं की ऑटोक्रॉसला गाडी कुठलीही चालते. मोकळ्या जागेवर शंकू मांडायचे, एका वेळी एकच गाडी सोडायची, शर्यत घड्याळाशी. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. जवळजवळ सगळा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये. “मावशी, तू रोज मैदागिनच्या चौकातून गाडी काढतेस. तुला शंकूंची कसली भीती? फक्त टायर बदल.”

आम्ही बनारसच्या ब्रह्माघाटावरचे. नाना फडणवीसांच्या वाड्याच्या आसपास आमच्या पिढ्या गेल्या, पण त्या गल्लीत चारचाकी कधी शिरली नाही आणि शिरणारही नाही. गाडी मैदागिनजवळ भाड्याच्या जागेत उभी असते. तिथे एका संध्याकाळी मोबाइलच्या उजेडात वाकून टायरची कड वाचायला बसले. 165/80 आर14 85एस. इतकी वर्षं ही गाडी चालवतेय, पण ही अक्षरं कधी वाचली नव्हती. 165 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे त्या रुंदीच्या ऐंशी टक्के उंचीची भिंत, म्हणजे 132 मिलिमीटर रबर. आर म्हणजे रेडियल, 14 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. 85 म्हणजे एक टायर 515 किलो पेलतो आणि एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत चालतो. माप इंचांत आणि मिलिमीटरमध्ये एकाच ओळीत का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

भाचा म्हणाला, गडबड त्या 132मध्ये आहे. वळणावर ही उंच भिंत कलंडते, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कडेला सरकतो आणि गाडी सांगितल्याच्या अर्ध्या क्षणानंतर वळते. एवढ्या सगळ्या गाडीला रस्त्याशी बांधून ठेवणारं काय, तर चार टायरखालचे तळहाताएवढे चार तुकडे. बाकी इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग जे काही करतात ते त्या चार तुकड्यांतूनच. हे पटलं, आणि मग मी मलदहियाला गेले.

बनारसमध्ये गाडीचं काही हवं असेल तर मलदहिया-नदेसरच्या पट्ट्यात जायचं. टायरवाल्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि एकामागून एक टायर गडगडत आणले. “दीदी, ई ले जाइए, साठ हजार कहीं नहीं गया.” दुसरा आणला, त्याची तारीफ सत्तर हजार किलोमीटरची. तिसरा खड्ड्यात कापला जात नाही म्हणून चांगला. हे सगळे टायर खरोखर चांगले होते, आणि तीच अडचण. भाच्यानं बजावलं होतं की पकड आणि आयुष्य एकाच रबरात पूर्ण मिळत नाही. मऊ रबर रस्त्याला चिकटतं आणि झिजतं, कडक रबर टिकतं आणि घसरतं. तेव्हा मी शेवटी विचारलं, “जल्दी घिसने वाला दिखाइए.” गल्ल्यावरचे गृहस्थ चष्मा वर करून बघत राहिले. “पूरे बनारस में पहली ग्राहक हैं आप.”

मऊपणा मोजायचा कसा? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या कडेवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. 100ला प्रमाण धरायचं. 400चा टायर त्याच्या चौपट टिकावा असा हिशेब. तिथल्या एससीसीए या संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गाला किमान 200ची अट आहे, आणि मग कंपन्या बरोबर 200 लिहिलेले अत्यंत चिकट टायर काढतात. आकडा कंपनीच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचे 300 आणि दुसरीचे 300 सारखे असतीलच असं नाही. आपल्याकडे टायरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, ट्रेडवेअर नाही. काहींवर असतो, काहींवर नसतो. बाहेरून मागवावा म्हटलं तर जून 2020पासून टायरची आयात परवान्याखाली आहे. म्हणजे भाच्याच्या यादीतले जपानी टायर कागदावरच राहिले. उरलं काय, तर देशी बाजारातल्या ‘स्पोर्ट’ म्हणवणाऱ्या मालिका. या शब्दावर विसंबू नये, कडेवरचं वाचावं. बनल्याची तारीखही वाचावी: चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, मग ते कितीही ‘स्पोर्ट’ असो.

रिमचा प्रश्न याहून चमत्कारिक निघाला. दुकानातल्या मुलांनी सतरा इंची काळ्या अलॉयवर हात ठेवला. “गाड़ी उड़ेगी.” दिसायला सुंदर होते, नाकारत नाही. पण मोठं चाक बहुधा जड, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं. फिरवायला, थांबवायला आणि खड्ड्यातून उचलायला इंजिन-ब्रेक-सस्पेन्शन सगळ्यांना जास्त कष्ट. शिवाय 205/45 आर17ची भिंत जेमतेम 92 मिलिमीटर. आमच्याकडे आज गॅसच्या पाइपसाठी खणतात, उद्या केबलसाठी. पत्र्याचं रिम वाकलं तर ठोकून सरळ होतं, ओतीव अलॉयला मात्र तडा जातो.

मग बोल्टची गणितं. स्विफ्टला चार नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर. जपानातल्या त्या स्विफ्ट स्पोर्टला पाच नट, वर्तुळ 114.3चं. नावाची बहीण, पण तिची चाकं हिला लागत नाहीत! मधलं भोक स्विफ्टला 54.1 मिलिमीटरचं, बाहेरच्या अलॉयचं बहुतेक मोठं असतं, म्हणून मध्ये कडं बसवावं लागतं, नाहीतर चाक थरथरतं. आणि ईटी, म्हणजे रिमचा ऑफसेट. हा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर, फेंडरकडे सरकतं. हे सगळं मी वहीत लिहून नेलं होतं. दुकानातल्या पोरांनी वही काढून घेतली, वाचली आणि आपापसात वाद घालू लागली. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही.

खरेदी करणार, तेवढ्यात भाच्याचा फोन: “मावशी, विचारलंस का, माती की डांबर?” मी विचारलं नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे ऑटोक्रॉस बरेचदा मातीवर होतं, इंग्लंडात गवतावर आणि मातीवर, अमेरिकेत डांबरावर. मातीसाठी टायर उलट अरुंद आणि मोठ्या ठोकळ्यांचा हवा, म्हणजे तो खाली रुतून पकड धरतो. डांबरासाठी रुंद, कमी खाचांचा. ऑटोक्रॉस भरवणाऱ्या दिल्लीकडच्या क्लबला फोन केला. डांबर. हेल्मेट आणा, गाडीतलं सुटं सामान काढा, आणि वर्ग ठरवताना टायर बघू, म्हणाले.

मग निर्णय सोपा झाला. वरच्या मॉडेलला कंपनीच पंधरा इंची चाकं देते, म्हणून पंधरा इंच. रिम सहा इंच रुंद. टायर 195/60 आर15. भिंत 117 मिलिमीटर, आणि चाकाची एकूण उंची जुन्यापेक्षा एका टक्क्याहूनही कमी फरकाची, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. भाच्याला याहून खुजा टायर हवा होता. पण मला त्याच टायरवर सुलतानपूर, लखनौ, आग्रा करत दिल्लीकडे आठशेहून अधिक किलोमीटर जायचंय आणि परत यायचंय. अमेरिकेत लोक शर्यतीची चाकं वेगळी नेतात आणि मैदानावर बदलतात म्हणे. स्विफ्टच्या डिकीत चार चाकं मावत नाहीत. विमा कंपनीला चाकं बदलल्याचा ईमेल मात्र केला.

बसवताना दुकानदारांनी नायट्रोजनचा आग्रह धरला. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आहेच, म्हटलं, उरलेलं तुम्ही ठेवा. ते हसले आणि साधी हवा भरली. नट मात्र मी हवेच्या बंदुकीनं आवळू दिले नाहीत. टॉर्क पाना मागून घेतला, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा येऊन तपासून घेतले.

आता शहराबाहेर एका ओळखीच्या गोदामाच्या आवारात रविवारी सकाळी सराव चालतो. शंकूंऐवजी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. टायरच्या खांद्यावर, जिथून नक्षी संपते तिथून कडेवर, खडूची रेघ मारायची, चार वळणं घ्यायची आणि उतरून बघायचं: रेघ किती पुसली? कडेवर फार खाली पुसली तर टायर कलंडतोय, हवा थोडी वाढवायची. खांद्याच्या वरच राहिली तर जास्त झाली, थोडी काढायची. गेल्या रविवारी पुढच्या डाव्या टायरची रेघ पार खालपर्यंत गेली होती. पुढे दोन पीएसआय वाढवले, मागे हात लावला नाही. पुन्हा खडू.