टेप क्रमांक तीन

रविवार, ७ जुलै २०२४

माळ्यावरून कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट खाली उतरवलं. पांढरा रंग चहात बुडवलेल्या खारीसारखा झालाय. ही म्हणाली, "भंगारवाला सकाळीच येऊन गेला." मी गप्प बसलो.

कारण धाकटीचा फोन. तिच्या लग्नाच्या तीन व्हीसीडींपैकी दुसरी अडकत अडकत चालते. चालली तरी चित्र ३५२ बाय २८८ चं, मोठ्या टीव्हीवर माणसांच्या तोंडाच्या नुसत्या फरशा दिसतात. "दादा, तू एडिट केलंस, तर मूळ तुझ्याकडे असेलच ना?"

मूळ म्हणजे काय, हे तिला फोनवर समजावता आलं नाही. २००२ मध्ये तयार फिल्म ठेवायची चैन नव्हती. डीव्हीचा एक तास म्हणजे १३ जीबी, आणि माझी डिस्क ४० जीबीची. पुढचं लग्न बसवायला मागचं पुसायचं, असाच धंदा चालायचा. घरचं लग्न म्हणून पाच मिनीडीव्ही टेपा तेवढ्या राखल्या, आणि प्रीमियर ६ ची प्रोजेक्ट फाइल व तिच्याबरोबरची बॅच लिस्ट. त्यांत चित्र नाहीच. कुठल्या टेपवरचा कुठला टाइमकोड, कुठपासून कुठपर्यंत, कशापुढे काय, एवढंच. रुखवत गेलं, रुखवताची यादी उरली. पण यादी आणि टेपा असल्या की मशीन एकेक तुकडा टेपवरून पुन्हा उचलून आणतं. मशीन मात्र त्या काळातलं हवं. आजच्या प्रीमियरमध्ये ती फाइल उघडत नाही, आणि माझ्या लॅपटॉपला फायरवायरचं पोर्टच नाही.

बुधवार, १० जुलै

जुन्या बाजारात गेलो. पावसाची भुरभुर, ताडपत्र्यांवरून पाणी नेमकं मानेत. लोखंडी कड्या, बूट, मिक्सरची भांडी, आणि एका गोणपाटावर कार्डांचा ढीग. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं फायरवायर कार्ड सापडलं. तेव्हाही आम्ही हीच चिप बघून कार्ड घ्यायचो. बाकीच्यांवर कॅमेरा कधी दिसायचा, कधी नाही. विक्रेत्यानं दीडशे सांगितले, शंभरला दिलं. वर विचारलं, "काका, हे लावतात कशाला?"

शनिवार, १३ जुलै

पेटी उघडली. पेंटियम थ्री, ८६६ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम. तेव्हा हे आकडे मी लेटरहेडवर छापले होते!

प्रोसेसरशेजारच्या सात कंडेन्सरांपैकी पाचांची डोकी फुगलेली. त्यांच्या डोक्यावर मुद्दाम फुली कोरलेली असते. आत गॅस झाला तर तिथून फुटावं म्हणून. एकाची फुली उकलून तपकिरी चिकटा बाहेर येऊन वाळला होता. त्या वर्षांतल्या बऱ्याच कंडेन्सरांतलं रसायनच सदोष होतं, जगभर बोर्ड असे गेले. तापकीर गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे नेला. त्यानं भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, यापेक्षा नवीन घ्या." मी म्हटलं, सातही बदल, १०५ डिग्रीचेच टाक. ज्या सफाईनं त्यानं जुनं सोल्डर ओढून भोकं मोकळी केली, ती बघायला मी अर्धा तास स्टुलावर बसून राहिलो.

बुधवार, १७ जुलै, आषाढी एकादशी

बोर्ड चालू झाला. बायोसचा सेल मेलेला, त्यामुळे मशीनच्या लेखी आज १ जानेवारी २००१. नवा सेल घातला.

विंडोजची डिस्क मात्र गेली. खट्, खट्, खट्, आणि शांत. डेटाची डिस्क वेगळी होती, ती जिवंत आहे. मास्टर-स्लेव्हचा जंपर नखानं काढताना बोटाला आठवलं, डोक्याला नाही.

कॅमेरा सुरू केला तर ड्यूची खूण. आत दमटपणा असला की तो टेप आत घेतच नाही, आणि ते बरंच आहे. ओल्या ड्रमला टेप चिकटली तर फाटू शकते. पावसाळ्यात आम्ही कॅमेरे पिवळा बल्ब लावलेल्या कपाटात ठेवायचो. तसा बल्ब आता फक्त देवघरात उरलाय. हिनं खिचडीची ताटली हातात दिली आणि म्हणाली, "विठोबा अंधारात, आणि कॅमेऱ्याला उजेड. आजच्या दिवशी?"

रविवार, २१ जुलै

विंडोज २००० घातलं, प्रीमियर घातलं. प्रोजेक्ट उघडलं आणि टाइमलाइनवर सगळं लग्न उभं राहिलं, पण रिकामं. क्लिपांची नावं आहेत, चित्र नाही.

टायटल्स बघून आधी घाबरलो. 'चि. सौ. कां.' च्या जागी रोमन अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. मग लक्षात आलं, तेव्हा युनिकोड कुठलं? मराठी टायटल श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये करायचो. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फॉन्ट एका सीडीवर मिळाला. घातला, आणि कचऱ्यातून बहिणीचं नाव वर आलं.

मोजलं: पान उलटण्याचा इफेक्ट ४७ वेळा वापरलाय. बदामातून नवरा-नवरी दोनदा. सप्तपदीच्या सात पावलांना सात वेगवेगळे वाइप. त्या वयात मला वाटायचं, गिऱ्हाईक इफेक्टचे पैसे देतं. देतही होतं. आता हात शिवशिवतोय सगळं काढून सरळ कट लावायला. धाकटीला विचारलं तर म्हणाली, "खबरदार. माझ्या लग्नात पानं उलटतातच."

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर कोसळला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत शिरलं. आमच्याकडे फक्त दिवे येऊन-जाऊन. यूपीएसवर कॅप्चर करायची हिंमत नाही झाली. टेपा तेवढ्या दोन्ही बाजूंना एकदा पूर्ण गुंडाळून घेतल्या. बावीस वर्षं एकाच ताणात बसलेली टेप लगेच चालवू नये.

शनिवार, २७ जुलै

बॅच कॅप्चर लावलं. मशीन म्हणालं, टेप १ घाला. घातली. मग कॅमेरा आपला आपण पळू लागला: घुर्र, मागे, थांब, पाच सेकंद आधीपासून प्ले, तुकडा उचल, पुन्हा घुर्र. २१२ तुकडे. तेव्हा कॅप्चर चालू असताना माउसला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती, एक फ्रेम सुटली तरी मी ओरडायचो. आज तसाच हाताची घडी घालून बसलो. टेप १ निघाली, २ निघाली.

तिसरीवर घोळ. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर व्हायला हवा, तिथे स्वयंपाकाचं पातेलं.

कारण कळायला तासभर गेला. कॅमेरा माझ्या हाताखालच्या मुलाकडे होता, मी भाऊ म्हणून कानपिळीच्या तयारीत. त्यानं सकाळी आचाऱ्यांकडच्या बायकांना टेप मागे नेऊन दाखवली असणार, आणि पुढे कोऱ्या टेपवर रेकॉर्ड दाबलं. मध्ये कोरी जागा राहिली की कॅमेरा टाइमकोड पुन्हा शून्यापासून मोजतो. म्हणून टेप ३ वर ४ मिनिटं १२ सेकंद दोनदा येतात. २००२ मध्ये मी कोऱ्या जागेपुढून हातानं टेप लावली असणार. यादीत ते कुठे लिहिलेलं नाही. मशीननं पहिलं सापडलं ते आणलं.

ते पहिलं असं: कार्यालयाच्या मागची बाजू. चुलाणावर आमटी. शेजारी अण्णा, सदऱ्याच्या बाह्या वर, खिशात आचाऱ्याच्या हिशेबाची चिठ्ठी. लग्नघरात वधूपित्याला तिथे काही काम नव्हतं. पळीतून हातावर थेंब घेऊन चाटतात, कॅमेऱ्याकडे बघतात, काहीतरी बोलतात, हातानं 'तिकडे जा' म्हणतात. अकरा सेकंद, २७५ फ्रेम्स. तयार फिल्ममध्ये अण्णा कन्यादानाला बसलेले आहेत, रेशमी उपरण्यात, ताठ. हा तुकडा मी तेव्हा पाहिला असणारच, आणि टाकून दिला.

रविवार, २८ जुलै

टेप हातानं कोऱ्या जागेच्या पुढे नेली, तिथून पुन्हा लावलं. अंतरपाट आला. पातेल्याचा तुकडा वेगळा ठेवला.

एक्स्पोर्ट झाल्यावर फाइल लॅपटॉपवर कशी न्यायची हा प्रश्न. या मशीनचं यूएसबी जुन्या जातीचं, सेकंदाला जेमतेम एक एमबी. रात्र गेली असती. डिस्कच बाहेर काढली आणि कन्व्हर्टरला लावली.

संध्याकाळी धाकटीला अण्णांचा तुकडा पाठवला, बाकी लग्न नंतर. पाच मिनिटांत फोन. "दादा, काय म्हणतायत रे ते?"

मी कानाला हेडफोन लावून चारदा ऐकलं होतं. मागे सनई, जवळ जळणाचा आवाज. "'मीठ' एवढंच कळतं."

"कमी की जास्त?"