आमच्या घरची लोहारीण

लेख द्या, लेख द्या म्हणून मराठी विभागाच्या मॅडम मागे लागल्या होत्या. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. (आमच्या यवतमाळकडे इंग्रजी मीडियमच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, पण माझ्या शाळेत खरोखरच्या सिस्टर होत्या!) त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं तुम्हीच सांभाळून घ्या. विषय मात्र माझ्या पक्क्या अभ्यासातला आहे. सिलॅबसमधला नाही, रात्री अकरानंतरचा.

विषय असा की, ऑनलाइन गेममधल्या आपल्या कॅरेक्टरला कोणता धंदा शिकवायचा?

हसू नका. फर्स्ट इयरला येताना ब्रँच निवडायला मी जेवढा वेळ घेतला नाही, तेवढा याला घेतला. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी, विशेषतः स्टाफसाठी, थोडक्यात सांगते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली अमेरिकेत आला. जगभरातले लोक एकाच काल्पनिक जगात आपापलं पात्र घेऊन फिरतात. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. २०१९ साली कंपनीनं त्याची जुनी आवृत्ती 'क्लासिक' या नावानं पुन्हा सुरू केली. मी तीच खेळते. दर महिन्याला पैसे भरावे लागतात, ते सुटीत घेतलेल्या शिकवण्यांतून भरते. (घरी माहीत आहे. पुढे येईलच.)

या जगात नुसती मारामारी नसते. प्रत्येकाला दोन मुख्य प्रोफेशन घेता येतात. क्लासिकमध्ये ती नऊ आहेत. तीन गोळा करण्याची: खाणकाम, वनस्पती तोडणं आणि कातडी सोलणं. सहा बनवण्याची: लोहारकाम, चामड्याचं काम, शिंपीकाम, औषधं, मंत्रविद्या आणि... इंजिनिअरिंग! स्वयंपाक, मासेमारी आणि प्रथमोपचार ही तीन वेगळी. ती कुणालाही शिकता येतात. म्हणजे तिथे तलवारबाज पुरुषसुद्धा चुलीपाशी बसून मासे भाजतो. आपल्या बॉइज हॉस्टेलने नोंद घ्यावी.

साहजिकच मी आधी इंजिनिअरिंग पाहिलं. बॉम्ब, गॉगल, दुर्बीण, चावीवर चालणारी यांत्रिक खार असल्या वस्तू त्यात बनतात. पण सगळ्या जाणत्यांचा सल्ला एकच: पैसे कमवायचे असतील तर इंजिनिअरिंग घेऊ नका! कारण इंजिनिअरनं बनवलेल्या बऱ्याच वस्तू दुसरा इंजिनिअरच वापरू शकतो. काही यंत्रं तर ऐन लढाईत मालकावरच उलटतात. हे वाचलं आणि मला आपल्या फायनल इयरचे प्रोजेक्ट आठवले. असो.

मग प्रश्न आला, गोळा करायचं की बनवायचं? माझी रूममेट कॉम्प्युटरची आहे, डोकं कॅल्क्युलेटर. ती म्हणाली, "दोन्ही गोळा करायचे धंदे घे. खनिज आण, वनस्पती आण, लिलावघरात टाक, पैसे मोज. बनवणारे सगळे तोट्यात असतात बे!"

तिचं म्हणणं खरं होतं, आणि का खरं आहे ते समजून घेण्यासारखं आहे. लोहारकाम १ पासून सुरू होतं आणि ३०० पर्यंत चढवायचं असतं. प्रत्येक कृतीला रंग असतो. नारिंगी कृती केली की कौशल्य नक्की एकाने वाढतं. मग ती कृती पिवळी होते, हिरवी होते, शेवटी राखाडी. राखाडी झालेली कृती शंभर वेळा करा, काही वाढत नाही. (सबमिशनच्या आदल्या रात्री कॉपी केलेल्या जर्नलसारखं!) तर सगळे शिकाऊ लोहार त्या-त्या टप्प्यावर तेच तांब्याचे पट्टे ठोकत बसतात. त्या वस्तूंचा बाजारात ढीग होतो. पट्टा त्यात लागलेल्या तांब्यापेक्षा स्वस्त विकला जातो. त्यांना पट्टा नकोच असतो, कौशल्याचा एक आकडा हवा असतो, आणि त्यासाठी ते कच्च्या मालाला मागेल तो भाव देतात. वर विक्रीवर लिलावघर ५ टक्के कापून घेतं ते वेगळंच.

मी बाभुळगावची आहे. आमच्या तालुक्यात कापूस पिकतो, आणि आमचा अनुभव याच्या नेमका उलटा. शंभर किलो कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एक गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस. जिनिंगनंतर त्या गाठीचं सूत होतं, सुताचं कापड, कापडाचा शर्ट. किंमत पायरीपायरीनं वाढते आणि पहिल्या पायरीवरच्या माणसाच्या हाती सगळ्यात कमी लागतं. मग गेममध्ये कच्चा माल विकणारा सुखी कसा? सोपं आहे. तिथे खाणीतलं तांबं काही मिनिटांनी पुन्हा उगवतं. बियाणं नाही, फवारणी नाही, पीककर्ज नाही, पाऊस नाही. ज्याला पेरणीच करावी लागत नाही तो शेतकरी सुखी असणारच!

तर इतका सगळा हिशोब कळल्यावर मी काय घेतलं? खाणकाम आणि लोहारकाम. माझं कॅरेक्टर एक बुटकी, आडव्या बांध्याची बाई आहे. तिचं शहर 'आयर्नफोर्ज', डोंगराच्या पोटात, आणि शहराच्या मधोमध एक प्रचंड भट्टी. ती भट्टी पहिल्यांदा स्क्रीनवर दिसली तेव्हाच माझं ठरलं.

कारण आम्ही लोहार आहोत. आबाजींची भट्टी बाभुळगावजवळच्या खेड्यात होती. वखराची पास पाजवणं, विळे, कुऱ्हाडी, बैलबंडीच्या चाकाला धाव बसवणं हे त्यांचं काम. गावाच्या नावातच बाभूळ आहे, आणि ही बाभूळ एकटी चार धंदे पोसायची. तिचं लाकूड टणक म्हणून वाढई त्याची चाकं आणि औजारं करायचा. तिच्या सालीनं चामडं कमवायचे. तिच्या कोळशानं लोहाराची भट्टी पेटायची. उरला डिंक, तो बाळंतिणीच्या लाडवात. गेममध्ये एवढं गुंतलेलं झाड मला अजून सापडलेलं नाही.

धाव बसवताना मी लहानपणी एकदाच पाहिली. लोखंडी कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं. त्याभोवती गोवऱ्या रचून ते लाल तापवायचं, मग तिघा-चौघांनी सांडशांनी उचलून चाकावर घालायचं आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, वाफ, आणि कडं आवळलं की आतले आरे आणि पुठ्ठे कडकड करत एकमेकांत घट्ट बसायचे. ना खिळा, ना स्क्रू. सेकंड इयरला 'श्रिंक फिट' शिकवलं तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. चाक १.२ मीटर व्यासाचं धरा. लोखंड एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिलीमीटर वाढतं. ५०० अंश तापवलं तर व्यास सुमारे ७ मिलीमीटरनं वाढतो. आबाजी कडं किती लहान ठेवायचे हे आता विचारता येत नाही, पण ते बोटानं माप घ्यायचे आणि बोट चुकायचं नाही.

याच्यापुढे गेममधली लोहारकी म्हणजे पोरखेळ आहे. तिथे एक भाग तांबं आणि एक भाग कथील घातलं की कांसं तयार! खऱ्या कांशात कथील साधारण दहा-बारा टक्के असतं. निम्मं घातलं तर ते काचेसारखं ठिसूळ होईल. एक लोखंडी कांब आणि एक कोळसा मिळून पोलादाची कांब, तीही दुकानातून कोळसा विकत आणून. पोलादात कार्बन दोन टक्क्यांच्या आतच असतो. मेटलर्जीच्या सरांना हे दाखवलं तर व्हायव्हातच नापास करतील. आणि मुख्य म्हणजे तिथे काम बिघडतच नाही. क्लिक करा, दोन-चार सेकंद पट्टी सरकते, वस्तू हातात. आबाजी पाजवलेल्या धारेचा रंग बघायचे. फिका पिवळा म्हणजे धार कडक, निळा म्हणजे मऊ पडली. पुस्तकात तेच 'टेंपरिंग कलर्स' म्हणून येतं, पिवळा २३० अंशांच्या आसपास आणि निळा ३०० च्या. राखाडी कृती त्यांच्याकडे नव्हती. चाळीस वर्षं पास पाजवली तरी प्रत्येक वेळी नजर लावावी लागायची.

आता बाबांचं. बाबांनी भट्टी सोडली. बाभुळगावात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीची दुरुस्ती. दिवाळीत मी घरी खेळत असताना ते मागे येऊन उभे राहिले. काय करते, म्हणाले. मी सांगितलं, लोहारकाम शिकते, महिन्याला पैसे भरून. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमाले ते काम सोडता सोडता दोन पिढ्या गेल्या, अन् तू पैसे देऊन शिकून राह्यली?"

मला हसायला आलं नाही. गेममध्ये प्रत्येक प्रोफेशनशेजारी एक बटण असतं, 'अनलर्न'. दाबलं की धंदा पुसला. पुन्हा १ पासून दुसरा शिका, कुणी काही म्हणत नाही. बारा बलुतेदारांत हे बटण नव्हतं. लोहाराचा मुलगा लोहार, कुंभाराचा कुंभार. सुगीला ज्वारीचं बलुतं मिळणार, ते किती ते पाटील आणि शेतकरी ठरवणार. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या सभेसाठी लिहिलेल्या, पण सभा रद्द झाल्यानं छापूनच काढलेल्या भाषणात हाच मुद्दा आहे की, जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. कोणाला काय आवडतं, काय जमतं याला त्यात जागाच नाही. मी लोहारकी हौसेनं घेऊ शकते, कारण बाबांनी ती सोडून दाखवली. हे मला त्या दिवाळीत कळलं.

आणखी एक गंमत. शाळेत सिस्टरनी सांगितलं होतं की 'स्मिथ' या आडनावाचा अर्थ लोहार. वर्गातल्या कुणालाच त्यात कमीपणा वाटला नाही, स्मिथ म्हणजे साहेब! त्याच वर्गात मी वडिलांच्या व्यवसायापुढे 'फॅब्रिकेशन' लिहीत होते. स्पेलिंग घरी पाठ करून आले होते.

आणि आजी? भाता आजी ओढायची. जड काम असलं की घणही मारायची. पण गावात कुणी तिला लोहार म्हटलं नाही, ती 'लोहाराची बायको'. माझ्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये स्मिथीचा जॉब होता, गोल सळईची चौकोनी करायची. सरांनी सांडशी हातात देताना "जमेल ना?" असं फक्त मुलींनाच विचारलं. सर, तुम्ही वाचत असाल तर सांगते, आजीला विचारायला हवं होतं!

सध्या आमच्यापुढे प्लेसमेंटचा फॉर्म आहे. कोअर की आयटी? मेकॅनिकलचे निम्मे सीनिअर आयटीत गेले. पॅकेज तिकडे जास्त आणि माझ्या डोक्यावर एज्युकेशन लोन आहे. रूममेटचा सल्ला जुनाच, "गोळा करायचं घे बे, बनवायचं नको." तिचा हिशोब आताही चुकीचा नाही. आयटीत जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. घरचं कर्ज त्यांचं त्यांना माहीत. मी 'कोअर'वर टिक केली आहे. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "माह्या दुकानात नको बसू बाई. कारखान्यात बस." एवढंच.

ज्युनिअर्ससाठी थोडं. कॅरेक्टरचा धंदा असो की ब्रँच, निवडताना तीन गोष्टी बघा. एक, पैसा कुठे आहे आणि का आहे. 'का' कळलं की तो किती दिवस राहील तेही कळतं. दोन, ते काम राखाडी झाल्यावरही तुम्हाला करावंसं वाटेल का. तीन, हे तुम्ही निवडताय की तुमच्यासाठी आधीच कुणीतरी निवडलंय. तिसऱ्याचं उत्तर 'मी' असेल तर पहिल्या दोनांत थोडं कमी-जास्त चालतं.

माझी लोहारीण सध्या १८७ वर आहे. दोनशेला गेली की आणखी एक निवड करावी लागेल, चिलखतं की शस्त्रं. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "वखराची पास नाही का त्यात?"

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)