फुटपाथवरची सायकल

फुटपाथवरून सायकल चालवावी की नाही, या एका प्रश्नावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. राजकारण आणि आमटीत गूळ किती घालायचा यावरून ते आधीपासून होतेच, त्यात ही नवी भर. एका बाजूला आई. वय ७३, गुडघे कुरकुरतात, पण रोज संध्याकाळी कन्नमवार नगरात एक चक्कर मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दुसऱ्या बाजूला दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. वय १९. हा घरापासून विक्रोळी स्टेशनपर्यंत सायकलने जातो आणि हायवेच्या आसपास आला की खुशाल फुटपाथवर चढतो. बाबा बिचारे मधे. त्यांची सगळी नोकरी सायकलवरून कारखान्यात जाण्यात गेली, त्यामुळे सायकलला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. आणि आईला नावं ठेवण्याची त्यांची छाती नाही. :)

बाबा सांगतात, त्यांच्या वेळी पाळी सुटली की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. एलबीएस मार्गाला तेव्हा आमच्याकडे सर्रास आग्रा रोड म्हणत. त्यावरून ट्रकही जायचे, पण सायकलवाल्यांची संख्याच इतकी असायची की ट्रकवालाच बिचकून चालवायचा. फुटपाथवर सायकल चढवायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नसे. पोलिस पकडायचा तो डबलसीटसाठी, नाहीतर रात्री दिवा नसला म्हणून.

वाद नुसता तोंडी होता तोवर मजा होती. गेल्या दिवाळीच्या आधी मात्र आईला मागून सायकलचा धक्का लागला. घंटी वाजली, ती दचकली, आणि नेमकी ज्या बाजूने सायकल येत होती त्याच बाजूला वळली. हँडल कोपराला लागलं, ती हातावर पडली. हाड मोडलं नाही, पण मनगट महिनाभर बांधून ठेवावं लागलं.

सायकलवाला होता पाववाला. विशीतला पोरगा, मागे पावाचे दोन भलेमोठे झोळे. सायकल तिथेच आडवी टाकून तो आईला हात धरून घरापर्यंत घेऊन आला. आईने आधी त्याला पाणी दिलं, मग चहा दिला, आणि चहा पिऊन झाल्यावर यथेच्छ झाडलं. "अरे बाबा, एवढा मोठा रस्ता सोडून फुटपाथवर कशाला तडमडतोस?" त्यावर तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, "मौसी, उधर डंपर है."

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मनगट बरं झालं, पण आईचं संध्याकाळचं फिरणं बंद पडलं. आता ती गॅलरीतच येरझाऱ्या घालते. मागून कुठेही घंटी वाजली की तिचा हात आपोआप कोपराकडे जातो. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना हे नुकसान किती मोठं ते सांगायला नको. फिरणं थांबलं की गप्पा थांबतात, गप्पा थांबल्या की भूक मंदावते. तेव्हा "सायकलच तर आहे, तिने काय होतंय" असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं जमणार नाही.

तसंच "सगळे सायकलवाले माजलेत" म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. तो पोरगा माजलेला नव्हता, घाबरलेला होता. त्याने भीतीपोटी फुटपाथ धरला आणि त्याची भीती आमच्या आईच्या वाट्याला आली. डंपर सायकलला ढकलतो, सायकल म्हातारीला ढकलते. म्हातारी कुणाला ढकलणार? ती घरात जाऊन बसते.

आता सायकल आणि मोटरसायकल यांना एकाच मापाने मोजणंही चूक. बाबांनी कागद-पेन्सिल घेऊन मला शाळेतलं सूत्र आठवून दिलं, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. माणसासकट सायकल ८० किलो, वेग ताशी १२ किलोमीटर. माणसासकट स्कूटर १७५ किलो, वेग ताशी ३०. स्कूटरच्या धडकेतली ऊर्जा जवळजवळ १४ पट निघाली. मोटार वाहनांना फुटपाथवर चालवायला बंदी आहे हे १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतच स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी सिग्नलला गर्दी झाली की दुचाक्या बिनदिक्कत चढतात. २०२० मध्ये पुण्यात कॅनॉल रोडवर एक आजी अशा दुचाक्यांसमोर फुटपाथवर ठाण मांडून उभ्या राहिल्या होत्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. आमच्या आईने तो चार वेळा पाहिला आणि चारही वेळा "शाब्बास!" म्हणाली. पण स्कूटर जास्त धोक्याची आहे म्हणून सायकल निर्धोक होत नाही. ७३ वर्षांच्या मनगटाला ८० किलो पुरेसे आहेत.

हा वाद आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने फुटपाथवर वाहन चालवायला मनाई आहे, आणि तो नियम सायकलला लागू होतो. १९९९ मध्ये तिथे त्यासाठी जागच्या जागी दंड सुरू झाला. तेव्हा तिथल्या गृहखात्याच्या मंत्र्यांनीच खुलासा केला होता की, रहदारीच्या भीतीने नाइलाजाने आणि जपून फुटपाथ वापरणाऱ्यांवर हा दंडुका नाही. जपानने उलटं केलं. १९७० च्या दशकात रस्त्यावरचे अपघात फार वाढले तेव्हा सायकलींना ठरावीक फुटपाथांवर जायची मुभा दिली. मग पुढची कित्येक वर्षं पायी चालणाऱ्यांच्या तक्रारी सुरूच राहिल्या, आणि आता २०२६ च्या एप्रिलपासून सायकलस्वारांना दंडाची पावती फाडायचा नियम त्यांनी केला आहे. सायकलला एकदा फुटपाथवर घेतलं की रस्त्यावर तिच्यासाठी जागा करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही, हा मला त्यातून घ्यायचा धडा वाटतो.

"मग सायकल ट्रॅक करा ना!" असं भाचा म्हणतो. केले होते की! वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये एमएमआरडीएने सायकल ट्रॅक बांधला. त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि २०२५ मध्ये मोटारींना जागा हवी म्हणून तो काढायचं ठरलं. आपल्या बाजूला महापालिकेने तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून थेट शीव-धारावीपर्यंत ३९ किलोमीटरचा मार्ग आखला. नावही किती सुंदर, 'हरितवारी जलतीरी'! पण मला एक सांगा, पाववाल्याला त्याचा काय उपयोग? पाव खाणारी माणसं जलवाहिनीच्या कडेला राहत नाहीत. त्याला पार्कसाइटला, टागोर नगरला, कन्नमवार नगरला, गल्लीबोळातच जायला हवं. इस्त्रीवाला, दूधवाला, डबेवाला, सगळ्यांचं तेच. एलबीएस मार्गावर २०१८ मध्ये मेट्रो-४ चं काम सुरू झालं, पत्र्यांनी मधला रस्ता गिळला, आणि उरलेल्या रस्त्यात सायकलला कुठे जागा आहे याचा विचार झालेला मला तरी दिसला नाही.

आमच्या ओळखीतल्या काहींनी सोपा उपाय सुचवला, फुटपाथच्या तोंडाशी खांब रोवा. दिसायला बरं दिसतं. पण खांब जवळजवळ रोवले की व्हीलचेअर अडकते. मुंबईतल्या अशाच खांबांची २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. एका अडचणीसाठी दुसऱ्याच कुणाला घरी बसवायचं, असं झालं ते.

कायदा पायी चालणाऱ्याच्या बाजूने आहे, यात शंका नाही. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वापरण्याजोगा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खंडपीठावर आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक होते, हे बाबांनी आवर्जून सांगितलं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हा आकडा वाचला की फुटपाथ म्हणजे नुसती शोभा नाही, हे पटतं.

तर माझं मत असं. फुटपाथ चालणाऱ्याचा, त्यात वाटेकरी नाही. सायकलवाल्याला नाइलाजाने चढावंच लागलं तर त्याने उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी, घंटी वाजवू नये. लहान पोरांच्या छोट्या सायकलींना माफ. मात्र हे सांगायचा हक्क आपल्याला तेव्हाच, जेव्हा रस्त्याच्या कडेची चार फूट जागा आपण त्याच्यासाठी मागू. त्या जागेत आज काय आहे? उभ्या केलेल्या गाड्या. त्यांतल्या बऱ्याच आपल्याच सोसायट्यांच्या!

गेल्या रविवारी भाच्याने आणि मी मिळून पालिकेच्या एस विभागासाठी, म्हणजे भांडुपच्या कार्यालयासाठी, एक अर्ज लिहिला. मागण्या दोनच: फुटपाथवर उभ्या केलेल्या दुचाक्या हटवा, आणि रस्त्याच्या कडेला पट्टा आखून तिथलं पार्किंग बंद करा. भाच्याने त्यात "सायकलस्वारांची सुरक्षितता" असं लिहिलं होतं. आईने चष्मा लावून वाचलं आणि त्याच्या आधी "ज्येष्ठ नागरिकांची" असं घालायला लावलं. मग सही केली. बाबांनीही केली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र अर्ज दोनदा वाचला, मग आपल्या गाडीकडे बघितलं, आणि "नंतर बघू" म्हणाले.

आतापर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. पाववाल्या पोराची घेतली तर बारा होतील, पण तो म्हणतो, "दीदी, हमारा नाम मत डालो." त्याला कसं समजवायचं तेच कळत नाहीये. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आत्या, पुण्याचं खास तुलाच विचारतेय, लिही नक्की.